दोनशे कपाळं

लोक मला अजून विचारतात, मास्तर, तुम्हाला काय पडलं होतं? कादंबरी दुसऱ्याची, शंभरेक वर्षं जुनी. मग तिच्यात चित्रं घालून ती पुन्हा छापायचा उद्योग तुम्हाला कोणी सांगितला होता? कोणीच सांगितला नव्हता. तेव्हा माझ्याजवळ उत्तर तयार असायचं, मोठमोठे शब्द असायचे. आता त्या खटाटोपाची नुसती आठवण झाली तरी माझे खांदे भरून येतात.

कादंबरीचं नाव सांगत नाही. सांगितलं की समोरचा म्हणतो, "हो हो, आम्हाला होती अभ्यासाला," आणि विषय तिथंच मरतो. गोष्ट एका सासुरवाशिणीची. आधी ती नांदते, मग नवरा जातो, मग त्याच घरात विधवा म्हणून दिवस काढते. लेखकानं एक प्रसंग दोनदा लिहिला आहे. तिसऱ्या प्रकरणात ती नवऱ्याची वाट पाहत दारात उभी असते, तो बाजारातून यायचा असतो. सतराव्या प्रकरणात ती त्याच दारात तशीच उभी असते, आणि आता यायचं कोणीच नसतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या.

मी सौंसरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. गाव मध्य प्रदेशात, बोली मराठी. नागपूरला शिकत असताना लिनोवर चित्र खोदायला शिकलो होतो. काम सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं आहे. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, त्यावर चित्र खोदायचं. खोदाल तेवढं पांढरं, ठेवाल तेवढं काळं. वर शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा आणि कागदाची पाठ चमच्यानं घासायची. आमच्याकडं यंत्र नव्हतं, स्टीलचा एक मोठा चमचा होता. बायको म्हणायची, माझ्या माहेरच्या भांड्यांतला चमचा तुम्ही नासवला. आणि एकदा खोदलं की खोदलं. चूक झाली तर पुसायला रबर नसतं.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माय. मी चार वर्षांचा असताना वडील तापानं गेले. आठ दिवसांचा ताप, नवव्या दिवशी माणूस नाही. माय तेव्हा पुरी पंचवीसचीही नसेल. तेव्हापासून तिनं घरातल्या कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. भिंतीतल्या देवळीत करंडा असायचा, तो पुसायचा झाला तरी ती बायकोला हाक मारायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया जमल्या की ती मागच्या अंगणात जाऊन तूर निवडत बसायची. कोणी बसवायचं नाही, तिची तीच जायची. आणि दुसरं म्हणजे, मला जरा ताप आला की तिची पाचावर धारण बसायची. मी तीस वर्षांचा बाप्या, पण साधी सर्दी झाली तरी ती तीन-तीनदा कपाळाला हात लावून पाहायची. तिचं सगळं जग म्हणजे मी एकटा. हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीकडं माणूस पाहत नाही.

तीन वर्षं मी ते पुस्तक करून राहिलो होतो. शाळेतून यायचं, सायकल भिंतीला लावायची, की खोदायला बसायचं. मजकूर पांढुर्ण्याच्या एका प्रेसमध्ये छापायला दिला होता. तिथं सगळी छपाई हिंदीतली, त्यामुळं 'ळ'चे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, मोजके. चार पानं लावली की 'ळ' संपायचे. मग ती चार पानं छापायची, खिळे सोडायचे, पुढची चार लावायची. प्रेसवाले काका दर वेळी म्हणायचे, "मास्तरजी, तुमच्या लेखकानं 'ळ' थोडे कमी नसते वापरले?" दोनशे प्रती काढायच्या होत्या. चित्रं बारा. म्हणजे चोवीसशे वेळा कागद चमच्यानं घासायचा. मनगट माझं, बायकोचं आणि सगळ्यात जास्त मायचं. जात्यावर दळलेला तिचा हात, तिनं घासलेला कागद एकसारखा काळा उठायचा.

दाराच्या चित्रासाठी बायकोला मी आमच्याच दारात उभं केलं. पदराखाली हात, चेहरा समोर, कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि इथं मला हुशारी सुचली. प्रसंग दोनदा आहे ना, मग ठसाही एकच ठेवायचा. आधी दोनशे कागद कुंकवाचे छापून घ्यायचे, तिसऱ्या प्रकरणासाठी. मग त्याच ठशावरचा तो कपाळाचा ठिपका तेवढा खोदून काढायचा आणि पुन्हा दोनशे छापायचे, सतराव्या प्रकरणासाठी. दार तेच, बाई तीच, सावली तीच. फरक एका ठिपक्याचा. मला हे इतकं आवडलं की दोन दिवस मी स्वतःवरच खूश होतो.

पहिले दोनशे छापून झाले. मग मी ठसा मांडीवर घेतला, बारीक हत्यार लावलं आणि एका फटक्यात तो ठिपका उडवला. मोहरीएवढा तुकडा उडाला आणि जमिनीवर कुठंतरी गेला.

बायकोला मी हे सांगितलं नव्हतं. तिनं पहिला कागद दोरीवर टांगायला उचलला, पाहिला आणि ती तशीच उभी राहिली.

"हे काय केलं जी तुमी? मले विधवा केलं?"

मी म्हणालो, अगं तू नाहीस, कादंबरीतली बाई आहे.

"कादंबरीतली असन. तोंड त माहं हाय!" तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती. "जित्या नवऱ्याची बायको बसवता अन् तिचं कुंकू खोडता. घरात खरी बसली हाय ना! तिच्याकडं कधी पाह्यलं का तुमी? तिचं तोंड नाई का काढता आलं?"

माय चार हातांवर बसून कागद घासत होती. तिनं मान वर केली नाही. खरंच, तीन वर्षं त्या विधवेचा चेहरा मी शोधत होतो आणि माझी माय माझ्याच समोर बसून माझेच कागद घासत होती. मला तेव्हा लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी काही केलं असं नाही. ठसा झालेला होता, तारीख ठरलेली होती.

थोड्या वेळानं मायनं हातातला कागद उचलून उजेडात धरला.

"हे तेच बाई व्हय?"

"हो, माय."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "दार तेच राह्यते." आणि पुढचा कागद घेतला.

आता घोटाळा सांगतो. असा घोटाळा आमच्या भागातच होऊ शकतो. संत्र्यांचा हंगाम चालू होता. माझ्या मेहुण्याचा बगिचा गावालगत, आणि माल भरायला आमचं अंगण. सकाळपासून लाकडी पेट्यांवर खिळे ठोकणं, तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरणं, संत्री लावणं, वरून पुन्हा तणस. प्रत्येक पेटीवर मेहुण्याची काळ्या रंगाची खूण. बाकीची दहा चित्रं मी आधीच पांढुर्ण्याला पोचवली होती. राहिली होती दाराची दोन. त्यातले कुंकवाचे कागद वाळले होते, बिनकुंकवाचे दोरीवर ओले होते. बसमधल्या धुळीनं खराब होऊ नयेत म्हणून कुंकवाचे दोनशे कागद मी मेहुण्याच्याच एका रिकाम्या पेटीत भरले, खालीवर तणस घातलं, वरच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या आणि पेटी ओट्याला टेकवून शाळेत गेलो. शाळा सुटल्यावर बसनं नेणार होतो.

परत आलो तर अंगण झाडलेलं. एकही पेटी नाही. ट्रक भरून नागपूरच्या मंडईला गेला होता.

"ओट्याजवळची पेटी?" मी मेहुण्याला विचारलं.

"तेही गेली की! हमाल म्हणे, एक अलग काहून ठेवली? मी म्हटलं, टाक बाबा."

मी तसाच बसनं नागपूर गाठलं. मंडईत पोचलो तर पेट्यांचे डोंगर. आमच्या मालाची बोली होऊन माल पुढं दिल्लीकडं रवाना झालेला. तिथल्या अडत्याला मी सांगत होतो की एका पेटीत संत्री नाहीत, चित्रं आहेत, एकाच बाईची दोनशे चित्रं आहेत. तो माझ्याकडं पाहत राहिला आणि मग त्यानं मला पाणी दिलं. पुढं कधीतरी दिल्लीकडच्या एखाद्या फळवाल्यानं ती पेटी फोडली असेल. त्यानं काय केलं असेल देव जाणे. तो दिवस बुधवार होता. प्रकाशन रविवारी, पांढुर्ण्याच्या वाचनालयात. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि मी असा शहाणा, की नागपुरात असूनही नवा लिनो विकत घ्यायचं मला सुचलं नाही. घेतला असता तरी काय, तो चेहरा खोदायला मला तीन आठवडे लागले होते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. वाटलं, द्यावं सोडून. तीन वर्षं घरानं या पुस्तकापायी काढली होती. बायकोनं हौसमौज सोडली होती, मायच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मला रडू येत होतं आणि शेजारी एक माणूस कोंबड्या घेऊन बसला होता, त्याच्यासमोर रडता येईना.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठसा त हाय ना? तोच छापा. वरून कुंकू हातानं लावू."

इतकं सोपं होतं. मला सुचलं नव्हतं. आम्ही दीड दिवस दोनशे कागद पुन्हा घासले. शुक्रवारी दुपारी ओसरीत दोनशे बिनकुंकवाच्या बाया वाळत पडल्या होत्या. बायकोनं देवळीतला करंडा आणून मधे ठेवला, मेणाची डबी ठेवली. आधी मेणाचा ठिपका, वर कुंकू, म्हणजे ते गळत नाही.

"मी नाई लावत," ती म्हणाली. "तुमी खोडलं, तुमीच लावा."

मी लावून पाहिलं. बोटांत तीन वर्षांची शाई मुरलेली. पहिल्या तीन कपाळांवर काळपट लाल डाग उठले.

"अवो, हे कुंकू व्हय का शेण?" बायकोनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मग तिनं करंडा उचलला आणि मायच्या पुढ्यात ठेवला. "आत्याबाई, तुमी लावा."

माय एकदम मागं सरकली. "येडी झाली का पोरी? मी कशी लावू?"

"बोटानं लावा."

"माह्या हातचं कुंकू कोणाले चालते वो? अन् हे त तुहं तोंड हाय. तुह्या कपाळावर मी लावन, अन् उद्या माह्या पोराले काही झालं म्हंजे?"

तेव्हा मला कळलं तिला कसली भीती आहे ती. विधवेच्या हातचं कुंकू सुनेच्या कपाळाला लागलं तर जायचा कोण? मीच. तिच्या मते हा माझ्या जिवाचा प्रश्न होता.

"कपाळ माहं हाय ना?" बायको म्हणाली. आवाज भांडणाचा होता, पण ती भांडत नव्हती. "मंग मी सांगून राहिली. इतके दिवस घासलं तुमी. एवढं पण तुमीच करा. लावा."

मायनं माझ्याकडं पाहिलं. "बापू, लावू का?"

त्या वेळी मी काहीतरी चांगलं बोलायला पाहिजे होतं. तिच्याजवळ जाऊन बसायला पाहिजे होतं. मी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणालो, "लाव माय, उशीर होऊन राहिला." माझ्या डोक्यात फक्त रविवार होता.

ती उठली, हात धुऊन आली, पदराला पुसले. करंड्याचं झाकण तिला लवकर उघडेना. पहिला ठिपका फार वर गेला, जवळजवळ भांगात. दुसरा एका भुवईला टेकला. दहा-बारा झाल्यावर हात बसला. मग ती त्या बायांशी बोलायला लागली. "थांब वो माय, हलू नको," "झाली तुही, चाल," असं पुटपुटत एकेक कागद बाजूला ठेवायची. दिवेलागणीच्या आत दोनशे कपाळं झाली. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. तिनं हात चांगले घासून धुतले, पण बोट लालच राहिलं. दोन दिवस ती ते बोट मुठीत धरून फिरत होती.

रविवारी प्रकाशन झालं. पाव्हणे म्हणून आलेले एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी भाषणात चित्रांचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "फक्त तिसऱ्या प्रकरणातल्या चित्रात कुंकू मधोमध नाही, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी." लोक हसले. मीही हसलो. माय मागच्या रांगेत बसली होती, तिनं मान खाली घातली.

त्यानंतर विक्री. विक्रीबद्दल काय सांगू? पुस्तक करणं हे काम होतं, विकणं ही सजा होती. नागपूरच्या दुकानदारानं पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "एमपीत मराठी वाचतात?" छिंदवाड्याला एका साहेबांनी विचारलं, "हिंदी में क्यों नहीं छापा?" म्हणजे इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे म्हणतात तुम्ही इकडचे, आणि मी मधे थैली घेऊन उभा. रामाकोन्याला सायकलनं गेलो तर तिथल्या गुरुजींनी चहा पाजला, चित्रं पाहिली, "फार मेहनत केली हो," म्हणाले आणि पुस्तक परत दिलं. एक शनिवार जामसांवलीला मारुतीच्या देवळाबाहेर नारळवाल्यांच्या रांगेत चादर टाकून बसलो. एका म्हातारीनं पुस्तक कपाळाला लावलं आणि विचारलं, "मारुतीची पोथी व्हय का बापू?" नाही म्हटल्यावर तिनं ते पटकन खाली ठेवलं. दिवसभरात दोन प्रती गेल्या, त्यातली एक देवळाच्या पुजाऱ्यानं माझी कीव येऊन घेतली.

घरी मात्र मी खोटं बोलायचो. सायकल लावली की माय विचारायची, "किती खपले?" दोन गेले असले तर मी सात म्हणायचो. एकही गेलं नसेल तर तीन. रामाकोन्याला पाच, नागपूरला पंधरा. तिचं तोंड उजळायचं. बायकोला सगळं माहीत असायचं, कारण थैली तीच रिकामी करायची. ती मायला सांगायची नाही. खरं म्हणजे पाच महिन्यांत साठ-सत्तर गेल्या असतील. बाकीच्या प्रती संत्र्याच्या पेट्यांमध्ये खाटेखाली पडल्या होत्या.

उन्हाळ्याच्या शेवटी मी आजारी पडलो. मुदतीचा ताप. एकवीस दिवस. मला त्यातलं फार आठवत नाही. डॉक्टर यायचे, जायचे. मायचा हात कपाळावर असायचा, आणि एक दिवस तो यायचा बंद झाला. बायकोचाच हात असायचा. मी विचारलंही असेल, माय कुठं आहे म्हणून. आणि रॉकेलचा वास. दोन-तीन दिवस घरभर रॉकेलचा वास येत होता. मला वाटलं स्टोव्ह गळतो आहे.

ताप उतरला. मी भिंतीला धरून चालायला लागलो. अशात छिंदवाड्याचे एक मास्तर चौकशी करत आले, त्यांना एक प्रत पाहिजे होती. घरी चालून आलेलं पहिलं गिऱ्हाईक! मी खाटेखालची पेटी ओढली, प्रत काढली आणि तिसरं प्रकरण उघडून दाखवायला गेलो.

कपाळभर लालसर काळा फराटा होता. कोणीतरी चिंधीनं पुसलं होतं. शाईसुद्धा निघाली होती, भुवया विस्कटल्या होत्या. आणि त्या फराट्याच्या मधोमध, अगदी मधोमध, एक गोल, नीट, ठसठशीत नवं कुंकू होतं. मी दुसरी प्रत उघडली. तिसरी उघडली. सगळ्या तशाच. त्या मास्तरांना मी काय सांगून वाटेला लावलं ते आठवत नाही. ते गेले आणि मी ओरडलो. अंगात जीव नव्हता तरी इतका ओरडलो की शेजारी दारात आले.

"ओरडू नका," बायको म्हणाली. ती माझ्यासमोर खाली बसली. "तेराव्या दिवशी डॉक्टरनं मान हलवली होती. तुमाले नाई माहीत. आत्याबाईनं तुमाले हात लावणं सोडलं. म्हणत, माह्या हातानंच झालं हे. मंग त्या रॉकेलची चिंधी घेऊन बसल्या."

"आणि तू? तू तर म्हणाली होतीस, माझं कपाळ आहे, मी सांगते!"

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "तवा तुमी धड होते. त्या पुसत गेल्या अन् मी लावत गेली. मलेही भेव वाटलं जी. काय करू?"

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी खाटेवर बसलो. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केवढी बारीक झाली होती ती. ताप मला आला होता आणि वाळली होती ती. ती जवळ आली, पण हात लावला नाही. लांबूनच बसली.

"बापू," ती म्हणाली, "एक इचारू? जे खपले, ते कुठं कुठं गेले? लिहून ठेवलं का तुनं?"

"कशाला, माय?"

"तेही पुसा लागन ना. मी जातो. बसनं जातो. रामाकोन्याले पाच हायत, जामसांवलीले हायत, नागपूरले पंधरा. तूच सांगे. मी मोजत राहिली होती. एवढी चिंधी नेतो, करंडा नेतो, हिले संग नेतो. दार वाजवू, सांगू, बाई, एवढं पान दे, पुसून देतो. ते लोक देतीन ना?"

रोज संध्याकाळी मी थापा मारत होतो आणि ती बोटांवर मोजत होती. माझ्या सात-सात, पाच-पाच खोट्या गिऱ्हाइकांच्या घरी तिला जायचं होतं. खऱ्या साठ-सत्तर तर कुठं कुठं गेल्या होत्या, मलाही माहीत नव्हतं.

मी बायकोकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"माय," मी म्हणालो, "एकही खपली नाही."

"अँ?"

"एकही नाही. मी खोटं सांगत होतो. तुला बरं वाटावं म्हणून. लोक पाहत आणि परत देत. रोज नेत होतो आणि रोज परत आणत होतो."

"पंधरा नागपूरले?"

"एकही नाही."

"अन् इथं त इतक्या नव्हत्या. दोनशे लावल्या होत्या मी."

"बाकीच्या पांढुर्ण्याला प्रेसमधेच पडल्या आहेत. गठ्ठा सोडलाच नाही कोणी."

"त्या मी पुसून येईन, आत्याबाई," बायको खाली पाहूनच म्हणाली. "सोमवारी जाईन. माहं मीच पुसन, माहं मीच लावन."

माय माझ्याकडं पाहत राहिली. ती खात्री करून घेत होती.

"तीन वर्षं केलं रे तुनं," ती म्हणाली. "कोणीच नाई घेतलं? एकानंही?"

"एकानंही नाही, माय."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. मग सरकत जवळ आली, कितीतरी दिवसांनी माझ्या कपाळावर तळहात ठेवला, ते गार आहे हे पाहिलं. "बरं झालं," असं पुन्हा म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.